तांबडी माती, परकी गादी

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी स्पर्धा भरल्या तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. मैदानात उतरलेली मुले बहुतेक शेतकरी घरांतली होती, अनवाणी होती, आणि शर्यतीचे छापील नियम त्यांना ठाऊक नव्हते. शंभर मीटरची शर्यत सरळ रेषेत आखलेल्या पट्ट्यांतून पळायची असते हेसुद्धा त्यांच्या गावी नव्हते. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत, खडीच्या कडक रस्त्यावर, हीच पोरे ज्या वेळात पळाली ती वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची निघाली. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही हकिकत स्वतः सांगितली आहे. या मुलांना परदेशच्या मैदानात उतरवले तर काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात तिथे आला आणि त्यांनी खिशात हात घातला.

टाटांचे मूळ गाव नवसारी, सुरतेच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. दोराबजींचे वडील जमशेटजी १८३९ साली तिथेच जन्मले. सुरतेच्या बाजूच्या या घराण्याचा पैसा आणि देशावरच्या पोरांची ताकद अशा जोडीने भारताचा पहिला ऑलिंपिक संघ १९२० मध्ये अँटवर्पला गेला. सहा खेळाडू. त्यांतले फडेप्पा चौगुले बेळगावचे. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटांत पोचले आणि एकोणिसावे आले. दोन पैलवान होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे.

शिंदे फेदरवेट गटात उतरले. इंग्लंडच्या हेन्री इनमनला त्यांनी हरवले. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या सॅम गर्सनपुढे ते हरले आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डने त्यांना अडवले. चौथा क्रमांक. जगातल्या चौथ्या क्रमांकाचा हा मराठी पैलवान आज कोणाला आठवत नाही, याचे मला फार वाईट वाटते. कारण मातीत वाढलेला मल्ल परक्या आखाड्यात, परक्या नियमांनी लढतो तेव्हा काय होते, याचा पहिला पुरावा तोच आहे. तिथून बत्तीस वर्षे लागली पदक यायला.

मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत फरक नेमका काय, हे ज्याने दोन्ही पाहिल्या नाहीत त्याला पटकन कळत नाही. तालमीतला हौदा म्हणजे खोदून मऊ केलेली तांबडी माती. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवलेला असतो. पाय तिच्यात रुततो. चाल मंदावते, पण पाय रोवता येतो. घामाने निसरडे झालेले अंग मातीच्या मुठीने कोरडे करून पकड घेता येते. अंगावर लंगोट, त्याचीही पकड होते. सुरुवातीला खडाखडी, म्हणजे हाताला हात, मानेला मान लावून समोरच्याचा अंदाज घेणे. जाणकार प्रेक्षक ही खडाखडी मन लावून बघतात, कारण पुढचा डाव तिथेच ठरतो. घड्याळाची घाई नाही. एकाची पाठ मातीला टेकेपर्यंत कुस्ती चालणार, नाहीतर बराच वेळ झाल्यावर पंच ती बरोबरीत सोडवणार. जोड लावायची ती अंगापिंडाकडे आणि नावाकडे बघून, काट्यावर वजन करून नव्हे.

गादीवर यातले जवळजवळ सगळे उलटते. पाय रुतत नाही, उसळतो. बूट घालावे लागतात, त्यामुळे पकड पायाच्या बोटांत राहत नाही. कपड्याला हात लावता येत नाही, मूठभर माती घेऊन हात कोरडा करता येत नाही. घड्याळ चालू असते आणि नुसता अंदाज घेत उभा राहिलेला मल्ल निष्क्रिय ठरतो, त्याला ताकीद मिळते. चितपट केले तर उत्तमच, पण त्याशिवाय पट काढून ताबा घेतला की गुण, समोरच्याची पाठ गादीकडे वळवली की गुण. देशी मल्ल ज्याला काही झालेच नाही असे समजतो, त्या झटापटीत गादीवरचा मल्ल दोन वेळा पुढे गेलेला असतो.

म्हणून १९४८ चे लंडन आणि १९५२ चे हेलसिंकी या दोन ऑलिंपिकांमधली चार वर्षे मला महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातली सर्वांत मोलाची वाटतात.

खाशाबा दादासाहेब जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान. शरीर लहानखुरे, पण चपळाई विलक्षण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला आले आणि शाहू महाराजांनी उभ्या केलेल्या कुस्तीच्या नगरीत वाढले. १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान, गल्लोगल्लीच्या तालमी, वस्तादांची करडी शिस्त हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याचा हात किंवा मान आपल्या बगलेत घट्ट आवळायची, त्याच क्षणी कंबर त्याच्या पोटाखाली घालून टांग आडवी लावायची आणि आपले अंग वळवत त्याला वरून पलीकडे टाकायचे. यात ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची. अर्धा क्षण उशीर झाला तर टाकणाऱ्याचीच पाठ उघडी पडते.

लंडनला ते फ्लायवेट गटात उतरले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. गादीवरच्या कुस्तीची खरी ओळख त्यांना तिथे झाली. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तिथे त्यांना शिकवले. थोड्या दिवसांत जितके उचलता येईल तितके त्यांनी उचलले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच लोळवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे हरले. सहावा क्रमांक. गादीशी ओळख नुकती झालेल्या माणसाचा सहावा क्रमांक! खाशाबांनी त्यावर समाधान मानले नाही. आपण कुठे कमी पडलो हे त्यांना नेमके कळले होते. परत आल्यावर त्यांनी वरचा वजनी गट निवडला आणि तालमीतली मेहनत वाढवली. मातीत शिकलेले डाव गुणांच्या हिशेबात कसे बसतील याचा त्यांनी सराव केला.

मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पैलवानाला खुराक देणारा, परदेशी पाठवणारा राजा उरला नाही. ती जागा सरकारने घ्यायला हवी होती, पण सरकारला तशी सवय लागलेली नव्हती.

निवडीपासूनच झगडा सुरू झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे ठेवले गेले. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले. पुढचा प्रश्न पैशांचा. तेव्हा सुरत आणि कोल्हापूर एकाच मुंबई राज्यात होते आणि मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, वलसाडजवळच्या भदेलीचे, पुढे १९५७ पासून सुरतेतूनच लोकसभेवर निवडून जाणारे. खाशाबांनी त्यांच्याकडे चार हजार रुपये मागितले आणि स्पर्धा झाल्यावर या, असे उत्तर मिळाले, ही हकिकत खाशाबांच्या चरित्रकथेत कायम सांगितली जाते. सुरतेच्या बाजूच्या दोन माणसांचा मराठी मल्लांच्या परदेशवारीशी असा संबंध आला. एकाने न मागता दिले, दुसऱ्याकडे मागूनही मिळाले नाही. मोरारजींची काटकसर त्यांच्या तत्त्वातून आलेली होती, हे मान्य. तरीही खेळाडूला पैसे जाण्याआधी लागतात. आल्यावर हारतुरे पुरतात.

मग गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी हातभार लावला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याला कुस्तीला पाठवण्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य! या एका कृतीपुढे मी आजही नतमस्तक आहे.

हेलसिंकीत बँटमवेट गट, ५७ किलो. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ यांना मागे टाकत खाशाबा पुढे गेले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. हा इशीही मूळचा या खेळातला नव्हता. तो ज्युदोचा खेळाडू. युद्धानंतर अमेरिकी अमलाखाली जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली आणि तो कुस्तीकडे वळला. म्हणजे त्या दिवशी गादीवर दोन परके एकमेकांसमोर उभे होते, एक तांबड्या मातीतून आलेला आणि एक ज्युदोच्या तातामीवरून. कुस्ती लांबली, दोघे दमले आणि थोडक्या फरकाने इशी जिंकला. त्यानंतर विश्रांती न देता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. तो नियम दाखवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूर भागातले केशव माणगावेही पदकाच्या अगदी जवळ जाऊन आले.

परतल्यावर कराड स्टेशनवरून निघालेल्या मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या आणि गोळेश्वरला पोचायला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः लढले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.

परक्या मैदानावर, परक्या नियमांनी खेळण्याचा हाच पेच जगात दुसऱ्या एका खेळात, दुसऱ्या एका पिढीला पडला. १९८९ साली युरोपातल्या बास्केटबॉलचे सर्वोत्तम खेळाडू अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत उतरू लागले. युगोस्लाव्हियाचे द्राझेन पेट्रोविच आणि व्लादे दिवाच, सोव्हिएत लिथुआनियाचा शारुनास मार्चुल्योनिस. पेट्रोविच साधा खेळाडू नव्हता. १९८५ मध्ये झाग्रेबच्या त्सिबोना संघाकडून एकाच सामन्यात त्याने ११२ गुण केले होते. एनबीएतल्या पोर्टलंडच्या संघात गेला आणि बाकावर बसला. दुसऱ्या हंगामात तर त्याला सामन्यामागे सातेक मिनिटेच खेळायला मिळत होती.

कारणे ओळखीची वाटावीत अशी आहेत. युरोपात सामना ४० मिनिटांचा, अमेरिकेत ४८. युरोपात चेंडू बास्केटकडे फेकायला तेव्हा ३० सेकंद, अमेरिकेत २४. तीन गुणांची रेषा युरोपात ६.२५ मीटरवर, अमेरिकेत ७.२४ मीटरवर. आणि सर्वांत कठीण म्हणजे बचाव. युरोपात पाच जण मिळून जागा राखत. एनबीएत तो बचाव २००१ पर्यंत नियमाबाहेर होता. प्रत्येकाने आपापला माणूस अडवायचा. अंगाने दांडगे, वेगाने दुप्पट असे खेळाडू समोर आले की युरोपातल्या कसबाची मातब्बरी लपून जाई.

जानेवारी १९९१ मध्ये पेट्रोविच न्यू जर्सीच्या संघात गेला. तिथे त्याला मैदानावर वेळ मिळाला. त्याने अंग कमावले, लांबच्या रेषेचा सराव केला, बचाव शिकला. १९९२-९३ च्या हंगामात सामन्यामागे २२.३ गुण, आणि तीन गुणांच्या फेकींपैकी जवळजवळ ४५ टक्के यशस्वी. त्या जून महिन्यात जर्मनीत मोटार अपघातात तो गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. खाशाबाही १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातातच गेले.

लिथुआनियाचा आर्विदास साबोनिस हे याच कथेचे दुःखाचे टोक आहे. पोर्टलंडने त्याला १९८६ मध्येच निवडले होते. सोव्हिएत सत्तेच्या अडवणुकीत आणि टाचेच्या दुखापतींत वर्षे गेली आणि १९९५ मध्ये, तिशी उलटताना तो तिथे पोचला. पळता येत नव्हते, तरी सात फुटांवरच्या उंचीवरून सहकाऱ्याला नेमका पास देण्याची त्याची कला पाहायला लोक गर्दी करत. तो ऐन भरात पोचला असता तर काय झाले असते, हा प्रश्न बास्केटबॉलवाले अजून विचारतात. रणधीर शिंदेंना चार वर्षे गादी मिळाली असती तर, हा प्रश्न मी विचारतो.

दोन्ही कथांतून मला एकच दिसते. कसब कोणाकडेच कमी नव्हते. परक्या मैदानावर उभे राहायला वेळ किती मिळाला आणि शिकवणारा कोणी भेटला का, यावर सगळे ठरले. पेट्रोविचला न्यू जर्सीत तो वेळ मिळाला, खाशाबांना लंडनमध्ये ओळख आणि पुढे चार वर्षे मिळाली.

मात्र एका बाबतीत आपल्या मल्लांची गोष्ट वेगळी आहे आणि ती पैशाची आहे. युरोपातल्या खेळाडूसाठी नवा खेळ आणि मोठा पैसा एकाच ठिकाणी होते, अमेरिकेत. तिथला खेळ शिकला की संसाराची चिंता मिटली. आपल्या पैलवानाचा पैसा मातीत राहिला. जत्रेचे मैदान, गावची इनामाची कुस्ती, चांदीची गदा, खुराकाला मिळणारी मदत हे सगळे तांबड्या मातीच्या बाजूला. गादीच्या बाजूला मान, पदक, देशाचे नाव. घरची शेती दोन एकर असलेल्या पोराने कोणती बाजू निवडायची? महाराष्ट्राची कुस्ती गादीवर मागे का पडली याचे उत्तर डाव-पेचांत शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधले पाहिजे.

जिथे मोकळीक मिळाली तिथे आपल्या मल्लांनी करून दाखवलेच. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातले दोन मल्ल उतरले, कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण जिंकले आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांनी नेमके उलट केले, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, पायाने टांगही मारायची नाही. एकेरी पट, दुहेरी पट, आतली टांग, बाहेरची टांग, म्हणजे मातीतल्या मल्लाची निम्मी शिदोरी बाहेरच ठेवून उतरायचे. तिथे आंदळकरांनी सुवर्ण आणले! कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पुढे वस्ताद म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या आणि २०१८ मध्ये ते गेले.

राज्याच्या कुस्तीगीर परिषदेनेही वाट काढली. १९६१ पासून होणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन विभाग आहेत. दोन्हींतले विजेते किताबासाठी शेवटी एकमेकांशी लढतात. ही तडजोड शहाणपणाची होती, पण आपली नजर वर्षानुवर्षे त्या एका किताबाच्या पलीकडे गेली नाही. दिल्लीत सतपाल यांनी छत्रसाल स्टेडियममध्ये गादीवर मुले घडवली आणि त्यांतून २००८ मध्ये सुशील कुमार निघाला. कुस्तीतले भारताचे दुसरे ऑलिंपिक पदक, खाशाबांनंतर ५६ वर्षांनी, हरियाणा-दिल्लीच्या पट्ट्यात गेले आणि नंतरची पदकेही तिकडेच गेली.

आपल्याकडून जवळ पोचला तो बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. आधी हरिश्चंद्र बिराजदार, नंतर काका पवार यांच्या हाताखाली तयार झालेला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ मध्ये नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. ते कांस्य ६१ किलो गटात होते आणि हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. २०२४ मध्ये पॅरिसला महाराष्ट्राला खाशाबांनंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळाले ते कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेकडून, पण नेमबाजीत.

गावोगावच्या जत्रा समित्यांना म्हणून एक विनंती आहे. मैदान भरवाल तेव्हा मातीच्या हौद्याशेजारी एक गादी अंथरा. तिच्यावर वजनी गटांच्या चार-पाच कुस्त्या लावा आणि इनाम मातीतल्या कुस्तीइतकेच ठेवा.